पानावरचा आजा

विघ्नहर्त्या श्रीगजाननाला वंदन करून आणि ज्यांच्या नावागोत्राने आपण उभे आहोत त्या पितरांचे स्मरण करून लिहायला बसतो. आज पितृपक्ष लागला. सकाळचे तर्पण नुकतेच आटोपले आहे, ताम्हन अजून ओले आहे, आणि दरवर्षी या दिवशी होते तसेच आजही झाले: ती घटना आठवली. पोलीस खात्यातील माझ्या नोकरीत याहून मोठे गुन्हे मी पाहिले. खून पाहिले, जाळपोळ पाहिली. परंतु संशय या गोष्टीविषयी मला जे काही कळले, ते या लहानशा प्रकरणात कळले. नाव मात्र कोणाचेही देणार नाही. त्यातली काही माणसे हयात आहेत, आणि जी नाहीत त्यांची मुले आहेत.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी आमच्या बेटाच्या पूर्वेकडील फ्लाक जिल्ह्यातील एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. ठाण्याचा दिवस सकाळी सहाच्या हजेरीने सुरू होई. मी स्नानसंध्या उरकून येत असे आणि कपाळावरचे गंध टोपीखाली झाकले जाई. आल्याबरोबर आदल्या पाळीची नोंदवही वाचायची, कोठडी पाहायची, मग बाकावर बसलेल्यांना एकेक करून आत घ्यायचे. उसाला लागलेली आग, भाजीच्या वाफ्यात शिरलेल्या बकऱ्या, बसच्या रांगेतली मारामारी, असल्याच तक्रारी बहुतेक असत.

एका सोमवारी बाकावर कांप दे मास्क गावची एक म्हातारी बसली होती. पंचाहत्तरीच्या आसपासची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या हाताखालचा कॉन्स्टेबल क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचा होता, वयाने माझ्याएवढाच, कामात चोख आणि जिभेने तिखट. त्याने तिला दोनदा विचारले, पण मराठी बोलणारा साहेब आल्याशिवाय ती तोंड उघडायला तयार नव्हती. मी समोर बसलो तशी म्हणाली,

“सायब, माजा आजा त्यांनी नेलाय. तीन म्हयनं झालं, परत देत न्हाईत.”

मी हे क्रिओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या सर्वांच्या बोलीत, कॉन्स्टेबलला सांगितले. त्याने लेखणी थांबवून तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि अगदी गंभीरपणे मला विचारले, “साहेब, बेपत्ता इसमाचे वय काय लिहू?”

आजा म्हणजे आजाचे तिकीट, हे मला कळले होते. उसाच्या मळ्यांसाठी बोटीने, कराराने आणलेल्या प्रत्येक मजुराला सरकार एक तिकीट देत असे. त्यावर त्याचा क्रमांक, नाव, बापाचे नाव आणि एक लहान फोटो चिकटवलेला असे. ते जवळ नसले तर पोलीस पकडून नेत. ज्या कागदासाठी आमच्या पणजोबांना खात्याने रस्त्यात अडवले, तोच कागद आता घराघरांत देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलेला असतो, कारण त्या माणसाचा दुसरा फोटो जगात नसतो. म्हातारीच्या देव्हाऱ्यातही तो होता. तिचा भाऊ निपुत्रिक गेला होता. तिचा मुलगा पितृपक्षात पाणी सोडी, तेव्हा मातामहानंतर प्रमातामह म्हणून या आजाचे नाव घेतले जाई, आणि म्हातारी ते तिकीट मुलाच्या समोर धरून बसे. आता पितृपक्षाला दीड महिना उरला होता आणि तिकीट घरात नव्हते.

ते तिने स्वतःच्या हाताने दिले होते. का दिले, असे मी विचारले, तेव्हा तिने कमरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेला एक छापील कागद काढला. “हे वाचून,” ती म्हणाली. “म्हंजे मी न्हाय वाचलं. बैठकेत वाचून दावलं.” बैठक म्हणजे आमच्या गावोगावचे ते सभागृह, जिथे भजन होते आणि मुलांना आपली भाषा शिकवली जाते.

कागदावर मथळा होता, ‘आमची ओळख’. उत्तरेकडे गुडलँड्समध्ये एक नवी कंपनी निघाली होती. ती लोकांच्या पूर्वजांचे कोकणातले गाव आणि खरे आडनाव शोधून देत असे. तिकिटावरचा क्रमांक घेऊन सरकारी दप्तरातली नोंद काढायची, गोऱ्या कारकुनाने वेडेवाकडे लिहिलेले गावाचे नाव लावायचे, आणि तिकडच्या तलाठ्याला व शाळामास्तरांना पत्रे लिहायची, असे ते काम होते. पान सहा परिच्छेदांचे, स्वच्छ मराठीत छापलेले.

फसवणुकीची पत्रके मी पुष्कळ पाहिली होती. त्यांत मोठमोठे शब्द असतात आणि पत्ता नसतो. या पानात पत्ता होता, कार्यालय कोणत्या वारी उघडे असते ते होते, पत्रे कोण लिहितो हे होते. आम्हांला काय जमत नाही, हेसुद्धा लिहिले होते: दहांतल्या काही नोंदी लागतच नाहीत, उत्तराला वर्ष लागू शकते. आणि शेवटी हे वाक्य होते: ‘आमच्या स्वतःच्या आजोबांचे तिकीट मोठ्या चक्रीवादळात छपरासकट उडाले. म्हणूनच आपल्या कागदाचे मोल आम्ही जाणतो.’

हे वाक्य मी दोनदा वाचले आणि कागदाची घडी जपून परत घातली. जो मजकूर मनाला लागतो तो पोलिसाने तिसऱ्यांदा वाचावा. मी त्या दिवशी वाचला नाही.

त्याच आठवड्यात ठाण्यात एक निनावी चिठ्ठी आली. गुडलँड्सची कंपनी जुनी तिकिटे किनाऱ्यावरच्या हॉटेलांत परदेशी पाहुण्यांना विकते, एवढाच मजकूर होता. ती कोणी लिहिली हे मला शेवटपर्यंत कळले नाही. पण तिने माझ्या मनात एक सरळ रेघ ओढली, आणि पुढचे तीन आठवडे मी त्या रेघेवरूनच चालत राहिलो.

प्रथम साध्या कपड्यांत, गिऱ्हाईक म्हणून गेलो. बाजाराचा दिवस होता. कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर एक खोली, भिंतीला कोकणचा नकाशा, काचेच्या कपाटात पाकिटे. मालक चाळिशीतला, पूर्वी शिक्षक असलेला. मराठी बोलला ते पुस्तकातले, एकेक शब्द तोलून. माझ्यासमोरच पितों गावच्या एका शेतकऱ्याला त्याने तिकीट परत केले, वहीत सही घेतली आणि त्याच्या गावाचे नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. त्या शेतकऱ्याने ते नाव तीनदा मोठ्याने म्हटले. नंतर मालकाने मला ‘आमची ओळख’ हे पान दिले आणि विचारले, “आपल्याकडे कोणाचे तिकीट आहे?”

माझ्याकडे पणजोबांचे होते. त्यांचे गाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मी पोलीस असल्याचे विसरलो आणि ते तिकीट याला आणून द्यावे असे मनात ठरवून टाकले. जिना उतरताना भान आले आणि संशय दुप्पट झाला. ज्या माणसाने मलाही असे विरघळवले, तो एका म्हातारीचे काय करणार नाही, असे वाटले.

पोलिसांच्या उत्तर विभागाची रीतसर परवानगी घेऊन त्याला बोलावले. दोन दुपारी जबाब चालला. वही तपासली, तिच्यातल्या सह्या ताडून पाहिल्या. कॉन्स्टेबल किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत फिरून आला. त्याच्या हाती काहीही लागले नाही, पण तो जिथे जिथे गेला तिथे तिथे कंपनीचे नाव आणि चोरी हे दोन शब्द एका वाक्यात मागे ठेवून आला. त्याचा विचार मी तेव्हा केला नाही.

मालक प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देत होता. फक्त कांप दे मास्कच्या आजींचे तिकीट म्हटले की त्याचे वाक्य आखूड होई. “त्याचे काम चालू आहे.” क्रमांक उतरवून घ्यायला एक मिनिट लागते, मग मूळ कागद तीन महिने कशाला, असे मी विचारले. अक्षर लागत नाही, म्हणाला. मग दाखवा. सध्या येथे नाही, म्हणाला. मी त्या तिकिटाची वहीतली ओळ बोटाने दाखवली.  तेव्हा तो टोचून बोलला.

“साहेब, आपण मराठी असून मराठी माणसावर संशय घेता?”

“आजीही मराठीच आहेत,” मी म्हणालो.

पुराव्याची यादी वरिष्ठांकडे इंग्रजीतून जायची होती. एका दुपारी मी कॉन्स्टेबलला समोर बसवले. माझ्यापुढे दोन पाने होती: म्हातारीने आणलेले आणि मला गुडलँड्समध्ये मिळालेले. मी प्रत्येक वाक्य त्याला क्रिओलमध्ये सांगायचे, त्याने टिपून घ्यायचे, मग इंग्रजी मसुदा करायचा. त्याला देवनागरी येत नव्हती, म्हणून त्याने फक्त डोळ्यांनी पाहिले आणि म्हणाला, या एका पानावर माणूस आहे, दुसऱ्यावर नाही.

खरेच. मजकूर अक्षर न् अक्षर सारखा होता. पण माझे पान नंतरच्या छपाईचे होते आणि त्यात वरच्या कोपऱ्यात एक फोटो वाढला होता. तिशीतला माणूस, बोडका, कॅमेऱ्याकडे सरळ पाहणारा. खाली ओळ होती: ‘संस्थापकांचे आजोबा’, आणि कोकणातल्या आडनावासकट पूर्ण नाव. मी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता आणि मनात नमस्कारही केला होता.

मी वाक्ये सांगत गेलो. क्रिओलमध्ये ती अगदीच साधी वाटत होती, जणू कोणी त्यांच्या अंगावरची शाल काढून घेतली होती. शेवटचे वाक्य आले: आमच्या आजोबांचे तिकीट वादळात गेले.

कॉन्स्टेबलने लिहिणे थांबवले. “तिकीट गेले? मग हा फोटो कुठून आला? त्या काळी मजुराचा फोटो सरकारशिवाय दुसरे कोण काढत होते?”

म्हणजे तो फोटो दुसऱ्याच कोणाच्या तिकिटावरचा होता. एकाच पानावर छापलेल्या दोन गोष्टी एकमेकींना खोटे पाडत होत्या. बैठकेत शेकडो माणसांनी ते नवे पानही ऐकले, हातात घेतले, आणि कोणालाही ते दिसले नाही. संस्कृत शिकलेल्या, शब्दाशब्दाचा विग्रह करायची सवय असलेल्या मलाही नाही. दोन्ही गोष्टी आम्हांला हव्या होत्या. हरवलेला कागदही हवा होता आणि आजाचे तोंडही हवे होते. ज्याला मराठी येत नव्हती त्याला ते एका फटक्यात दिसले.

कॉन्स्टेबल एवढ्यावर थांबला नाही. “आपल्या ठाण्याबाहेर केवढी पाटी आहे,” म्हणाला, “तिच्यावर सगळे खरे लिहिलेय, तरी आत यायला लोक घाबरतात. हा पाहा, खोटे लिहून नमस्कार घेतो.”

दुसऱ्या दिवशी मी पान न दाखवता म्हातारीला विचारले, आजा दिसायला कसा होता. ती लगेच म्हणाली, “डोस्क्याला काय न्हाय. उजव्या भिवईत केस न्हाईत, तितं विळा लागल्याला वण.” मी पान खिडकीपाशी नेऊन पाहिले. उजवी भुवई मध्येच तुटलेली होती.

ते पान राजधानीत छापले होते; तिथल्या छापखान्याच्या मालकाने काही लपवले नाही. पहिल्या छपाईचे पान गावोगाव वाटले, पण लोक चौकशी करून परत जात, असे कंपनीच्या मालकाने त्याला सांगितले होते. तेव्हा छापखानेवाल्यानेच सल्ला दिला होता की पानावर चेहरा नसला तर लोक विश्वास कशावर ठेवणार. आठवड्याने कंपनीचा मालक एक लहान फोटो घेऊन आला. मागे जुना वाळलेला गोंद होता. छपाईचा ठोकळा करण्यासाठी फोटोच्या कडा कापाव्या लागल्या.

मॅजिस्ट्रेटकडून झडतीचे वॉरंट घेऊन आम्ही गुडलँड्सला गेलो. वॉरंट टेबलावर ठेवले, शेजारी पान ठेवले, आणि मी फक्त एवढेच विचारले, “हे कोण?”

इतके दिवस पुस्तकातले मराठी बोलणारा तो माणूस एकदम क्रिओलमध्ये बोलू लागला. “मो पा ती ले,” म्हणाला. म्हणजे, मला असे करायचे नव्हते. पुढचे सगळे तो क्रिओलमध्येच सांगत गेला. त्याच्या आजोबांचे तिकीट खरोखरच वादळात गेले होते. त्यांचा चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता. म्हातारीचे तिकीट टेबलावर होते, फोटोचा गोंद सुटला होता, आणि फोटोतल्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहून त्याला वाटले की आपले आजोबा असेच दिसत असतील. एकदा छापायचा आणि परत चिकटवून द्यायचा, एवढेच मनात होते. पण कापलेल्या कडा पाहिल्यावर परत देण्याचे धैर्य झाले नाही. टेबलाच्या खणातून त्याने पाकीट काढले. तिकीट होते, फोटो वेगळा होता, आणि फोटोवरच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे कात्रीने गेले होते. कपाटातली बाकीची तिकिटे वहीशी ताडली. एकही कमी नव्हते. एकही विकलेले नव्हते.

पुराव्याचे काम संपल्यावर, मॅजिस्ट्रेटच्या अनुमतीने, ते तिकीट त्याने स्वतः म्हातारीच्या हातात द्यावे असे ठरले. सर्वपित्री अमावास्येला दोन दिवस उरले होते. कांप दे मास्कच्या त्या घराच्या ओसरीवर म्हातारी, तिचा मुलगा, तो मालक आणि मी असे चौघे होतो. म्हातारीने फोटोवरून अंगठा फिरवला, कापलेल्या कडेपाशी थांबली. मुलगा संतापून काही बोलणार होता, तिने हाताने त्याला थांबवले. मग मला म्हणाली, त्या पानावर माज्या आजाला काय नाव दिलंय, ते वाच.

मी वाचले.

“येक खोटं नाव त्याला बोटीवरनं उतरल्यावर सायबानं दिलं,” ती म्हणाली. “त्येच नाव घिऊन मुलगा पानी सोडतोय. दुसरं आपल्या माणसानं दिलं.” मालक खाली पाहत होता. तिने त्याच्या दिशेने तोंड वळवले. “मागला असतास तर दिला असता. तुला आजा न्हाय, तर माजा ठेव म्हनलं असतं. पर इचारायचं ना रे.”

तिने तिकीट मुलाच्या हातात दिले. मग ती मालकाला म्हणाली, “आता काम कर. माज्या आजाचं खरं नाव शोधून आन.”

न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला आणि दंड झाला. न्यायालयाच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले. परंतु हॉटेलांतून आम्ही पसरवलेली कुजबूज संपली नाही. तिकिटे विकणारा म्हणूनच लोक त्याला ओळखू लागले. जे त्याने केले त्याची शिक्षा कायद्याने दिली. जे केले नव्हते त्याची शिक्षा माझ्या संशयाने दिली, आणि त्या शिक्षेला मुदत नव्हती. सहा महिन्यांत कार्यालय बंद झाले. बंद करण्यापूर्वी त्याने प्रत्येक तिकीट बसने प्रवास करून घरपोच दिले.

म्हातारीचे काम मात्र त्याने सोडले नाही. तो परत शिकवू लागला आणि सुट्टीत कोकणात पत्रे लिहीत राहिला. दप्तरातले गावाचे नाव तीन प्रकारे वाचता येत होते आणि तिन्ही नावांची गावे तिकडे होती. दरवर्षी पितृपक्ष लागला की तो बसने कांप दे मास्कला येई, ओसरीवर उभा राही आणि सांगे, आजी, यंदाही उत्तर नाही. कोणाला लिहिले, कोणी काय कळवले, ते सांगे. म्हातारी ऐकून घेई, चहा देई. तिच्या हयातीत असे सात वेळा झाले. ती गेली, तरी आठव्या वर्षी मी त्या गावात कामानिमित्त असताना पाहिले, तो त्याच ओसरीवर उभा राहून तिच्या मुलाला तेच सांगत होता. मुलाने मला पाहून हसून म्हटले, “सायब, ह्यांचं उत्तर येत न्हाय, पर हे येत्यात.”

त्या घरात आता त्याच्यावर कोणी संशय घेत नव्हते. आपण कोण, कुठले, काय करतो हे सुंदर भाषेत छापणे चुकीचे नाही. तसे पान मी आजही आदराने वाचतो, फक्त दुसऱ्या भाषेत सांगून पाहतो. पण माणूस विश्वासाला पात्र ठरतो तो दारात येऊन ‘काम झाले नाही’ हे सांगण्याने, आणि ते सांगायला पुन्हा पुन्हा येण्याने. त्याला तसे येताना पाहिल्यावर मीही एकदा त्याच्या घरी गेलो. माझ्या पणजोबांचे तिकीट नेले नव्हते. तुझ्याविषयी जे पसरले ते माझ्या चौकशीतून पसरले, एवढे सांगायला गेलो होतो. त्याने आत बोलावले.

वाचकहो, श्रीगजानन तुमच्या घरावर कृपादृष्टी ठेवो. ज्या पितरांची नावे ठाऊक आहेत त्यांना आणि ज्यांची हरवली त्यांनाही तुमच्या हातचे पाणी पोहोचो. तुमच्या दारी येणाऱ्याचा शब्द खरा असो, आणि तुमचाही. तुमच्या मुलाबाळांना आयुष्य, आरोग्य आणि सद्बुद्धी लाभो. शुभं भवतु.